गाडीची उंची कोण मोजतो?



या व्यासपीठावरून संतांविषयी, शाहिरांविषयी, राजकारणधुरंधरांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज मी वीतभर लांबीच्या एका लोखंडी दांडीविषयी बोलणार आहे. भंडाऱ्याहून लाखनी-साकोलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर एखादी आरामबस एका अंगाला कलून उभी राहिलेली आपण पाहिली असेल. उतारू म्हणतात, ड्रायव्हरने गाडी खड्ड्यात घातली. मालक म्हणतो, फिटरने काम चुकवले. खरा दोष पुष्कळदा त्या दांडीचा, किंवा ती ज्याला जोडलेली असते त्या उंची मोजणाऱ्या सेन्सरचा असतो. दोष कोणाचा आणि दंड कोणाला, हा आम्हा संघटनेच्या माणसांचा रोजचा प्रश्न. म्हणून मी या विषयाच्या वाटेला गेलो.

बैलगाडीत हा प्रश्नच नव्हता. तिचा सांगाडा थेट आसावर बसलेला; हादरा जसा येई तसा हाडांपर्यंत पोहोचे. 1804 साली लंडनच्या ओबादिया इलियट याने पोलादी पाट्यांच्या कमानीचे पेटंट घेतले आणि घोड्याच्या बग्ग्या हलक्या झाल्या. तीच कमान पुढे मोटारीखाली आली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी सुटली, 1961 साली राज्याचे महामंडळ उभे राहिले, आणि आपल्या खेड्यापाड्यांतून धावणारी लाल गाडी बहुधा या पाट्यांवरच चालत आली. पाट्याचा कारागीर कानाने काम करी. हातोडी मारली की शाबूत पाटा खणखणे, चिरलेला बद्द वाजे. गाडीची उंची मोजणारे यंत्र म्हणजे त्याचा डोळा!

पण पाट्यात एक खोट आहे. पन्नास उतारू, प्रत्येकी पासष्ट किलो धरले, तर सव्वातीन टन वजन गाडीवर चढते आणि उतरते. भरल्या गाडीला पुरेल इतका कडक पाटा रिकाम्या गाडीला दणके देतो. रिकाम्या गाडीला मऊ वाटणारा पाटा भरल्या गाडीला बसवतो. यावर तोड म्हणून रबरी फुग्यात दाबलेली हवा भरण्याची कल्पना निघाली. ओझे वाढले की फुग्यात हवा अधिक भरायची, घटले की सोडायची. गाडीची उंची तेवढीच राहते.

ही हवा किती भरायची हे कोणी ठरवायचे? येथे आपली दांडी येते. तिचे एक टोक आसाला, दुसरे चेसिसवरच्या व्हॉल्व्हच्या तरफेला. गाडी बसली की तरफ वर जाते आणि हवा आत येते. गाडी उचलली की तरफ खाली येते आणि हवा बाहेर पडते. प्रत्येक खड्ड्याला व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून त्यात थोडी ढिलाई आणि थोडा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. ही ढिलाई ज्याने योजली, त्याला मी मनोमन नमस्कार करतो.

1953 साली अमेरिकेत जनरल मोटर्सने हवेच्या फुग्यांवरच्या बसगाड्या बाजारात आणल्या, आणि त्या टिकल्या. त्याच कंपनीने 1957 साली कॅडिलॅकच्या एल्डोराडो ब्रोअम या श्रीमंती मोटारीला आणि 1958 साली आपल्या इतर मोटारींनाही असे फुगे दिले. तेथे मात्र फजिती झाली. हवा गळू लागली, रात्री उभी केलेली गाडी सकाळी जमिनीला टेकलेली दिसू लागली, आणि अनेकांनी फुगे काढून पुन्हा लोखंडी स्प्रिंगा बसवून घेतल्या. कंपनी एक, कल्पना एक. मग बस तरली आणि मोटार का बुडाली? एक कारण उघड आहे : बसला ब्रेकसाठी हवेचा कॉम्प्रेसर आधीच होता, मोटारीला तो निराळा जोडावा लागला. दुसरे कारण माझे स्वतःचे आहे, पटले तर घ्या. बस रोज रात्री डेपोत येते. तेथे टाकीतले पाणी काढणारा, फुग्याला साबणाचे पाणी लावून गळती शोधणारा माणूस असतो. मोटारीच्या मालकाकडे तो नव्हता.

1980च्या दशकात व्हॉल्व्हच्या जागी विजेचा सेन्सर आला. दांडी तीच, पण तरफेचा कोन आता विजेच्या इशाऱ्यात बदलतो, तो इशारा एका बंद पेटीकडे जातो आणि पेटी हवा सोडण्याभरण्याचा हुकूम देते. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावरच सुरू झालेली विजेची ‘शिवाई’ फुग्यांवरच धावते. आपल्या जिल्ह्यात गडेगावला 1982 पासून अशोक लेलँडच्या कारखान्यात आपली मुले गिअरबॉक्स घडवीत आली. तेव्हा यंत्राशी आपला परिचय नाही असे कोणी म्हणू नये. तरीही ही पेटी आपल्याला परकी वाटते, याचे कारण पुढे सांगतो.

सेन्सर खोटे बोलत नाही. तो फक्त स्वतःचा कोन सांगतो. दांडी वाकली, तिचा गोळा निसटला, रोवणीच्या दिवसांत चिखल सुकून ती जखडली, तर कोनच चुकीचा होतो. म्हणून जाणता फिटर सेन्सरला शेवटी हात लावतो. सपाट जागी गाडी उभी करून, टाक्या हवेने भरून, तो दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजतो. मग दांडी पाहतो, मग गळती, मग प्लगमधले पाणी आणि हिरवा गंज. त्यानंतर तरफ हळूहळू फिरवून मीटर पाहतो. पाच व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सरचा आकडा सलग चढला पाहिजे; मध्येच उडी मारली किंवा शून्य झाला, तर तो आतून गेला. नवा बसवल्यावर गाडी ठरल्या उंचीवर आणून ती उंची पेटीला शिकवावी लागते. ही शेवटची पायरी वगळली की नवा सेन्सरही गाडी तिरपीच ठेवतो, आणि लोक म्हणतात, माल नकली होता.

एका खाजगी गॅरेजात असेच झाले. मालकाने दोन सेन्सर बदलले, गाडी सरळ होईना, आणि त्यांची किंमत फिटरच्या पगारातून कापली. उंची शिकवण्याचे संगणकी साधन त्या गॅरेजात नव्हतेच. मी भांडायला गेलो तेव्हा फिटरने मला गाडीखाली नेऊन दाखवले : दांडीचा कंस वाकलेला होता. बोटभर वाक. कापलेले पैसे परत मिळायला चार महिने लागले.

त्याच भेटीत मी आणखी एक गोष्ट पाहिली. गाडी नुसत्या हवेवर उभी होती आणि दोन पोरे तिच्याखाली झोपून काम करीत होती. दांडी सुटली किंवा कोणी चावी फिरवून तरफ हलवली, तर फुगा क्षणात रिता होतो आणि काही टनांची गाडी खाली येते. चेसिसखाली लोखंडी घोडे लावल्याशिवाय आत जायचे नाही, हा नियम लिहिलेला असतो. घोडे मात्र भिंतीशी गंजत पडलेले असतात.

आमच्या मागणीपत्रात म्हणून तीन कलमे घातली : प्रत्येक गाडीला घोडे, कारण सिद्ध झाल्याशिवाय सुट्या भागाची किंमत पगारातून कापू नये, आणि पेटी वाचण्याचे साधन व त्याचे शिक्षण फिटरला मिळावे. पहिली दोन त्या मालकाने मान्य केली. तिसऱ्यावर तो म्हणाला, ‘ते कंपनीचा माणूस येऊन करील.’ कंपनीचा माणूस नागपूरहून येतो. तोवर गाडी दोन दिवस तिरपी उभी असते, आणि फिटर टेप घेऊन तिच्याभोवती फिरत असतो.