दुबळ्या बालकांची बुरशी : झाशी, पिंपरी आणि एक उशिरा ओळखला गेलेला आजार

झाशीच्या मराठी राजवटीच्या इतिहासात एका तान्ह्या मुलाच्या मृत्यूला मोठे स्थान आहे, कारण राजे गंगाधरराव नेवाळकर व राणी लक्ष्मीबाई यांचा १८५१ मध्ये जन्मलेला मुलगा काही महिन्यांतच दगावला, त्यामुळे १८५३ मध्ये दत्तकविधान करावे लागले आणि ते अमान्य करून गव्हर्नर जनरल डलहौसीने पुढच्याच वर्षी संस्थान खालसा केले. गादीशी संबंध नसलेल्या बालकांना बखरीत जागा नसते. त्यांच्या आजारांचा इतिहास घरगुती औषधांत, दवाखान्यांत आणि कारखान्यांत शोधावा लागतो.

अशा आजारांपैकी एक कँडिडामुळे होतो. ही यीस्ट प्रकारची बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात व आतड्यात उपद्रव न करता राहते, पण कुपोषण, अपुऱ्या दिवसांचा जन्म किंवा दीर्घ आजार यांमुळे प्रतिकारशक्ती खचली की तीच फोफावते. बाळाच्या जिभेवर व गालांच्या आतल्या बाजूस दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसतात; दूध साकळलेले असेल तर ते सहज पुसले जाते, बुरशीचा थर मात्र खरवडल्यावर खाली लालभडक, क्वचित रक्ताळलेली त्वचा उघडी पडते. मराठी घरांतली सवागी, जिला बुंदेलखंडात सुहागा म्हणतात, ती फुलवून मधात कालवून अशा तोंडाला लावण्याची पद्धत जुनी असून, तिचा अतिरेक तान्ह्या मुलांना विषारी ठरतो हे ज्ञान बरेच अलीकडचे आहे. नंतर दवाखान्यांतून जेन्शन व्हायोलेट हे जांभळे औषध आले आणि बाळांचे ओठ जांभळे दिसू लागले.

स्टॉकहोमच्या अनाथालयातील बालकांवरून फ्रेडरिक बर्ग यांनी १८४० च्या दशकात हा थर बुरशीचाच असल्याचे दाखवले, तरी पुढची शंभर वर्षे तो खंगलेल्या देहाची खूण म्हणूनच पाहिला गेला, आणि ते स्वाभाविकही होते, कारण असे मूल बुरशी रक्तात पसरण्याआधी जुलाबाने वा न्यूमोनियाने जात असे. प्रतिजैविकांनी हा क्रम बदलला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यातून १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. जिवाणू मारणारी अशी औषधे दीर्घकाळ दिली की आतड्यातील उपकारक जिवाणूही मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले आणि ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून ‘पिंप्रिना’ हे नाव मिळाले. एकाच आवारात अडचण आणि तिच्यावरचा उतारा दोन्ही तयार व्हावेत, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

हॅमायसिन पोटातून नीट शोषले जात नसल्याने मुख्यतः तोंडात व त्वचेवर लावण्यापुरते राहिले. रक्तात, फुप्फुसांत वा मेंदूत शिरलेल्या बुरशीसाठी, विशेषतः रक्ताच्या कर्करोगावरील औषधांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलांसाठी, अँफोटेरिसिन-बी हाच बराच काळ मुख्य आधार होता. हे औषध मिठाच्या पाण्यात साकळते म्हणून ग्लुकोजच्या द्रावणातून, कित्येक तास थेंबथेंब द्यावे लागे. मुलाला हुडहुडी भरे, पोटॅशियम घटे, आणि मूत्रपिंड पेलते की नाही हे रक्त तपासून पाहावे लागे.

झाशीत १९६८ मध्ये राणीच्याच नावाने वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि बुंदेलखंडातील आजारी अर्भकांना उपचारांचे मोठे केंद्र मिळाले. कमी वजनाची बाळे जगू लागली की त्यांच्या शिरांतील नळ्या, प्रतिजैविके व लांबलेला मुक्काम यांतून कँडिडाला रक्तात शिरण्याच्या नव्या वाटा मिळतात. म्हणूनच हा आजार गरिबीइतकाच उपचारांच्या प्रगतीचाही सोबती मानावा लागतो. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णिलेली कँडिडा ऑरिस ही जात काही वर्षांतच दिल्लीतील रुग्णांच्या रक्तात आढळली; फ्लुकोनाझोल या स्वस्त व सर्वत्र मिळणाऱ्या औषधाला ती बहुधा दाद देत नाही आणि खाटांच्या कठड्यांवर, उपकरणांवर ती दीर्घकाळ टिकते, त्यामुळे औषधाच्या बाटलीइतकेच महत्त्व आता परिचारिकेच्या हात धुण्याला आले आहे.