सातबारा कुणाच्या नावावर?

बोधगयेच्या मुक्तीच्या घोषणा मीही दिल्यात, घसा बसेपर्यंत. मग वाटलं, ज्या कायद्याविरुद्ध ओरडतो तो वाचावा तरी. म्हणून १९४९ चा बोधगया मंदिर कायदा काढून वाचला.

समितीत चार बौद्ध, चार हिंदू. अध्यक्ष गयेचा जिल्हाधिकारी. तो हिंदू नसला तर सरकारनं तेवढ्यापुरता हिंदू अध्यक्ष नेमायचा, असं कलमातच लिहिलेलं. ही अट २०१३ साली निघाली. चार-चारचा हिशेब तसाच राहिला. त्या चार हिंदूंत एक जागा महंताची.

हा महंत आला कुठून? सोळाव्या शतकाच्या अखेरीस एक शैव गोसावी तिथं येऊन राहिला. त्याचा मठ झाला, मठाची जमीनदारी झाली आणि महाविहारही मठाच्या ताब्यात गेलं. १८९१ साली अनागारिक धर्मपाल श्रीलंकेहून आले. १८९५ साली त्यांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती विहारात बसवली, तर महंताच्या माणसांनी ती बाहेर काढली. बुद्धाच्या घरातनं बुद्धालाच बाहेर! खटला कलकत्त्याच्या हायकोर्टापर्यंत गेला आणि ती माणसं सुटली.

इथवर आपण सगळेच सांगतो. पुढचं कुणी सांगत नाही.

याच मठाकडं हजारो एकर जमीन होती. ती कसत कोण होतं? भुईया आणि मुसहर. आपलीच माणसं. मालकी मठाची, घाम त्यांचा. १९७८ पासून छात्र युवा संघर्ष वाहिनीच्या साथीनं त्यांनी जमिनीचा लढा उभारला. १९७९ च्या ऑगस्टात गोळी चालली, दोन मजूर मेले. तरी माणसं हटली नाहीत. पुढं १९८० नंतरच्या वर्षांत जमिनी वाटल्या गेल्या. तेव्हा बायका अडून बसल्या, पट्टा आमच्याही नावावर पाहिजे. आणि कित्येकींनी तो करून घेतला.

२००२ साली महाविहार जागतिक वारसा झालं. कागदोपत्री मालक बिहार सरकार. फेब्रुवारी २०२५ मध्ये भिक्खू तिथं उपोषणाला बसले. त्यांची मागणी रास्त आहे, मी त्यांच्या बाजूचा आहे.

पण गड्यांनो, एक सांगतो. विहार आणि शेत एकाच मठानं दाबलं होतं. शेत काही अंशी सुटलं, कारण कसणारा कागदावर नाव मागत राहिला. विहाराचा लढा त्या भुईया-मुसहर वस्तीला वगळून लढलो, तर आपण फक्त समितीच्या खुर्च्या बदलू. पुढच्या खेपेला बोधगयेला जाल तेव्हा आधी त्या वस्तीत जा. लढा कसा जिंकतात, ते त्या बायकांना विचारा.