हेमलकसा: ‘मी जातो’ म्हणणारी मुलगी

१/ भामरागडच्या अरण्यात, हेमलकसा येथे, २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. १९७६ मध्ये तेथे शाळा भरू लागली. मुलांची भाषा माडिया, पुस्तकांची मराठी.

२/ माडिया ही द्रविड कुळातील गोंडीची बोली. तीत ‘मी’चे क्रियापद स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच असते, मराठीत मात्र ‘जातो’ की ‘जाते’ हे ठरवावे लागते.

३/ म्हणून माडिया मुलगी ‘मी जातो’ म्हणाली, तर तो अडाणीपणा नव्हे. तेथे तिच्या मातृभाषेचे व्याकरण बोलत असते.

४/ डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी रुग्णांशी बोलता यावे म्हणून माडिया शिकून घेतली. शिक्षकाचा शिष्टाचारही तेथूनच सुरू होतो: विद्यार्थी स्वतःविषयी कसा बोलतो, हे आधी ऐकावे, सुधारणा त्यानंतर.