सैल दांडा

राजांच्या तलवारींविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले; कुऱ्हाड, कोयता आणि करवत यांच्या वाट्याला मात्र इतिहासकार आला नाही. वास्तविक आपल्या नाशिक जिल्ह्याचे रूप या तीन हत्यारांनी तलवारीहून कमी बदललेले नाही. या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण मात्र विद्वत्तेचे नाही. ते एका अपराधाचे आहे, आणि ते आधीच सांगून टाकलेले बरे.

नाशिक रोडच्या आमच्या धर्मग्रामाच्या आवारात एक जुना वर्षावृक्ष आहे. काही वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात त्याची एक जाड फांदी अर्धवट मोडून भिंतीवर लोंबकळत राहिली. आमच्यापाशी साखळीची यांत्रिक करवत होती. लोक तिला चेनसॉ म्हणतात. ती जुन्या बाजारातून आम्हीच आणवली होती. पाते जितके लांब तितके काम लवकर, असा आमचा हिशेब. म्हणून बावीस इंची पात्याची निवडली. साखळी थांबविणारा ब्रेक मोडलेला होता. त्यावाचून काही अडत नाही असे विकणारा म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. धर्मग्रामातील एक तरुण ती घेऊन फांदीपाशी गेला. पात्याचे टोक मागच्या दुसऱ्या फांदीला टेकले, यंत्र उसळले आणि त्याच्या मांडीला चौदा टाके पडले. मुलगा वाचला, आज नीट चालतो. त्याच्या आईने आम्हाला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरे झाले असते.

हत्याराच्या दुरवस्थेने माणूस जायबंदी होणे ही गोष्ट नवी नाही. अनुवाद ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात अजाणता घडलेला मनुष्यवध कशास म्हणावे हे सांगताना दृष्टान्त दिला आहे तो लाकूडतोडीचाच. शेजाऱ्याबरोबर रानात गेलेल्या माणसाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि शेजाऱ्याचा जीव जातो. अलीशा संदेष्ट्याच्या कथेत यार्देनेच्या काठी झाड तोडताना कुऱ्हाडीचे लोखंड पाण्यात पडते, आणि ती कुऱ्हाड उसनी आणलेली असल्यामुळे तोडणारा हवालदिल होतो. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्याविषयी महान ग्रेगरी यांनी लिहून ठेवलेली एक कथाही अशीच आहे. झुडपे तोडणाऱ्या एका गॉथ मनुष्याच्या कोयत्याचे पाते दांड्यातून सुटून तळ्यात जाते. धर्मोपदेशक या कथांतील चमत्कारावर बोलतात, आम्हीही बोललो आहोत. परंतु तिन्ही ठिकाणी मूळ दोष एकच आहे: दांडा सैल होता.

तो सैल का होतो, हे खेड्यातील कोणीही सांगेल. नेढ्यात बसविलेले लाकूड उन्हाळ्यात सुकते व आकसते. कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली की लाकूड फुगून दोन दिवस घट्ट बसते. नंतर मात्र पूर्वीपेक्षा अधिक हलू लागते. पाण्याचा उपाय आळशाचा, पाचरीचा उपाय शहाण्याचा. शिवाय दांडा कोणत्या लाकडाचा, हाही प्रश्न असतो. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असल्यामुळे घावाचा हादरा पचविते. जे ठिसूळ आहे ते हाताला झिणझिण्या आणते आणि एक दिवस दगा देते. निवड आणि निगा हे दोन शब्द आज यंत्रांच्या माहितीपत्रकात आढळतात, पण त्यांचा व्यवहार रानात फार जुना आहे.

अजाणता रक्त सांडलेल्या माणसाला आश्रय मिळावा म्हणून इस्राएलात जी नगरे नेमली होती, त्यांना मराठी पवित्र शास्त्रात शरणपुरे म्हटले आहे. तेच नाव धारण करणारी वस्ती आपल्या नाशिकात आहे. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शरणपूर वसविले आणि विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखाली तेथे आफ्रिकी मुलांचीही सोय झाली. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून इंग्रजी आरमाराने सोडविलेली ही मुले होती. त्यांना तेथे अक्षरांबरोबर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवीत. ही मंडळी आमच्या पंथाची नव्हती, तरी त्यांच्या हातांचे ऋण मान्य करण्यास आम्हाला संकोच वाटत नाही.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७२ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीसाठी नाशिकहून जे सहा तरुण आफ्रिकेस गेले, त्यांत तो होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. देह किनाऱ्यापर्यंत नेण्यासाठी त्यांनी दुसऱ्या एका झाडाची साल नळीसारखी अखंड सोलून काढली आणि तिच्यात तो बसविला. अखंड साल काढणे हे हत्यारावर हात बसलेल्या माणसाचेच काम आहे. पाते बोथट असते तर साल फाटली असती. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला तेव्हा वेनराइट शवपेटीजवळ होता. त्याने कोरलेल्या खोडाचा भाग पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेऊन ठेवण्यात आला.

शरणपुरात हे घडत असताना पश्चिमेकडील डोंगरात कोयत्यावरून सरकारशी वाद पेटत होता. पेठ, सुरगाणा, इगतपुरी या भागांतील कोकणा, वारली, महादेव कोळी शेतकरी नागली व भाताच्या रोपांसाठी राब जाळतात. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून माणूस झाडावर चढे, फांद्या उतरवी आणि शेंडा राखी. शेंडा राखलेले झाड पुन्हा फुटते. वनखात्याला मात्र यात जंगलाचा नाश दिसला. १८७८ च्या कायद्यानंतर बंधने वाढली, तक्रारी वाढल्या, आणि १८८५ मध्ये मुंबई सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशाच गाऱ्हाण्यांसाठी वन आयोग नेमावा लागला. सगळीच छाटणी निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याला पुढील वर्षीही त्याच झाडावर चढायचे आहे, तो ते मरू देत नाही.

मोठे जंगल उतरले ते राबासाठी नव्हे. थळ घाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. ज्या स्थानकाभोवती आमचे नाशिक रोड वाढले, ते याच मार्गाचे अपत्य. रुळांखाली दर मैलाला दीड ते दोन हजार लाकडी स्लीपर लागत, आणि प्रक्रियेवाचून टिकणारी लाकडे त्या काळी मुख्यतः तीनच मानली जात: साग, साल आणि देवदार. ते दहाबारा वर्षांत कुजत, की पुन्हा तोड. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले आणि डिट्रिश ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक झाले, त्यामागे ही भूक होती.

कुऱ्हाडीने जाड ओंडका तोडायचा तर तिरपी खाच घ्यावी लागते, आणि झाड जितके जाड तितकी खाच रुंद. हात-दीड हात चांगले लाकूड ढलप्या होऊन जमिनीवर पडते. तोच छेद करवतीने घेतला तर वाया जाते ते बोटाच्या पेराहून कमी. म्हणून वनखाते कुऱ्हाडीऐवजी दुहाती करवतीचा आग्रह धरी. पण करवत आणणे सोपे, ती राखणे अवघड. तिचे दाते आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वाकवलेले असावे लागतात, म्हणजे छेद पात्याहून रुंद होतो आणि करवत अडकत नाही. ओल्या लाकडाला हा कल जास्त लागतो, सुक्याला कमी. मधूनमधून असलेले भुसा बाहेर ओढणारे दाते इतरांहून केसभर आखूड हवेत. एक दाता जरी उंच राहिला तरी दोन्ही माणसांचे खांदे दिवसभर त्याची शिक्षा भोगतात. जुने करवतकाम करणारे लोक दिवसाकाठी तासभर कानस चालवीत, आणि त्या तासाची मजुरी त्यांना कोणी देत नसे. ठेकेदार मोजी ते पडलेले लाकूड.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी संस्थांना आरंभ केला, तो याच ठेकेदारीला तोंड देण्यासाठी. तोडीचे काम लिलावाने व्यापाऱ्याकडे न जाता कामगारांच्या संस्थेकडे जावे, अशी योजना होती. तिचे पुढे काय झाले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

साखळीच्या करवतीचा जन्म मात्र रानात झाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या स्कॉटिश वैद्यांनी हाड कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. पुढे १८३० मध्ये बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने हाताने फिरविण्याचे तसेच यंत्र केले. माणसाला वाचविण्यासाठी जन्मलेले हे हत्यार झाडाकडे वळले ते शंभर वर्षांनी. १९२६ मध्ये आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी करवत बनविली. ती चाळीस किलोंहून जड होती आणि तिला दोन माणसे लागत. एका माणसाने उचलण्याजोगी यंत्रे १९५० नंतर आली. मधल्या काळात, १९४६ मध्ये, अमेरिकेतील ओरेगॉनच्या जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणारी अळी निरखून पाहिली. ती जबडा डावीउजवीकडे चालवीत आडवेउभे लाकूड सारख्याच सहजतेने कुरतडते, हे ध्यानात घेऊन त्यांनी साखळीचा दाता घडविला. आजचा दाता बहुतांशी त्याच वंशातला आहे. हातांच्या नसा निकामी करणारा कंप कमी करण्याच्या योजना १९६० च्या दशकात आणि साखळीचा ब्रेक १९७० च्या दशकात आला. म्हणजे ज्या ब्रेकवाचून अडत नाही असे आम्ही मानले, तो बसविण्याआधी अनेकांचे रक्त सांडले होते.

आम्हाला यातले शिकविले ते सरकारी मुद्रणालयातून निवृत्त झालेल्या आमच्या एका फिटरने. १९२५ पासून नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस आहे. तेथे आयुष्य घालविलेल्या माणसाला यंत्र घाण ठेवलेले पाहवत नाही. त्यांनी आमची करवत उघडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हवेची गाळणी भुशाने गच्च होती. साखळीच्या तेलाऐवजी गाडीचे जळके तेल वापरल्यामुळे पात्याची खाच झिजली होती. साखळी खाली लोंबत होती. ती पात्याला चिकटून असावी, तरी हातमोजा घालून ओढली असता सरकावी, इतकीच ताणायची असते. त्यांनी आम्हाला एक खूण सांगितली: धारदार साखळी लाकडाच्या चकत्या टाकते, बोथट साखळी पीठ पाडते. पीठ दिसू लागले की थांबावे व गोल कानस घ्यावी, कारण त्यानंतर माणूस यंत्रावर जोर देऊ लागतो आणि अपघात तेथूनच सुरू होतो. शहरातील झाडांत धार लवकर जाते, याला आपणच कारणीभूत आहोत. जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे आणि मांडवाच्या तारा खोडांनी गिळलेल्या असतात. पात्याच्या लांबीविषयी ते म्हणाले, “फादर, फांदीला बारा-चौदा इंच पुष्कळ झाले. बावीस इंच तुम्ही कोणासाठी घेतली?” आमच्यापाशी उत्तर नव्हते.

झाडाच्या बाजूनेही काही नियम आहेत. जड फांदी वरून एकाच छेदात कापली तर ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडा छेद, मग त्याच्या पुढे वरून दुसरा, आणि भार उतरल्यावर फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा राखून तिसरा. जखम तेथूनच भरून येते.

नाशिक, नाशिक रोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका मिळून १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. नागरी वृक्षांसाठी १९७५ चा कायदा आहे; पूर्वपरवानगीवाचून झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील सतराशेहून अधिक झाडांवर गदा येणार असे दिसताच नाशिककर रस्त्यावर उतरले, हे वाचकांना ठाऊकच आहे. ते योग्यच झाले. परंतु परवानगीने होणाऱ्या छाटणीत कोणत्या हत्याराने, कोणत्या हाताने आणि किती निगा राखून काम झाले, हे अजून कोणी विचारीत नाही.

आमची बावीस इंची करवत फिटरांनी सुटी करून ठेवली आहे. ती पुन्हा जोडायची नाही असे ठरले. तिच्या जागी ब्रेकसह एक लहान यंत्र आले, आणि त्याबरोबर जाड विजार, डोळ्यांवरचा पडदा व शिरस्त्राण. यंत्राहून त्यांचा खर्च फार कमी नव्हता. उंचावरच्या बारीक फांद्यांना आम्ही वाकडी हातकरवतच वापरतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी फिटर व्हरांड्यात कानस घेऊन बसतात. त्यांच्यासमोर साखळी धरून बसतो तो चौदा टाक्यांचा मुलगा. गेल्या वेळी त्याने त्यांच्या हातून कानस मागून घेतली आणि सहा दाते स्वतः घासले. त्यातले दोन त्यांनी पुन्हा घासायला लावले.