फागुनातल्या दोन माळा

वसंताची खूण म्हटली की आपण लगेच गुढी म्हणतो. पण आपल्या भंडारा जिल्ह्यात वसंत त्याच्या पंधरा दिवस आधी, फाल्गुन पौर्णिमेलाच, दोन माळांच्या रूपानं घरात येत असे. एक शेणाची, एक साखरेची. आज आम्ही त्या माळांविषयीच बोलणार आहोत.

पहिली माळ चाकोल्यांची. होळीच्या काही दिवस आधी पोरं ओल्या शेणाच्या लहान चकत्या थापत, मधे बोटानं भोक पाडत, उन्हात वाळवत आणि सुतळीत ओवत. ही माळ होळीत जायची. दुसरी गाठीची. साच्यात दोरा ठेवून साखरेचा पाक ओतला की ती तयार होते. होळीला ती मुलांच्या गळ्यात पडते आणि पाडव्याला गुढीवर, कडुनिंबाच्या डहाळीशेजारी बसते.

आता जरा दूर जाऊ. रोमानियात 1 मार्चला लाल-पांढऱ्या पिळाचा दोरा एकमेकांना देतात. त्याला मर्त्सिशोर म्हणतात. काही दिवस अंगावर मिरवला की तो झाडाच्या फांदीला बांधण्याची रीत आहे. 2017 साली युनेस्कोनं ही प्रथा बल्गेरिया, मोल्दोवा आणि उत्तर मॅसिडोनिया यांच्यासह अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

या तिन्ही खुणा शेजारी ठेवून बघा. चाकोल्या जळतात, गाठी खाल्ली जाते, दोरा झाडाला जातो. जपून ठेवायचं असं यात काहीच नाही! वस्तू दरवर्षी संपते, उरतं ते पुन्हा करण्याचं ज्ञान. आणि हे ज्ञान पोथीत नसतं, हातात असतं.

आमची काळजी इथंच आहे. गाठी दुकानात मिळते, ती टिकेल. चाकोल्यांना मात्र दारी जनावर लागतं, चार दिवसांचं ऊन लागतं आणि शेणात हात घालायला न लाजणारं पोर लागतं. पळसाच्या रंगाचंही तसंच. झाड फुलायचं थांबलेलं नाही, फुलं भिजत घालणारी घरं कमी झाली. म्हणजे निसर्ग आपलं काम करतोच आहे, आपला वाटा आपण सोडला.

तेव्हा येत्या होळीआधी घरातल्या आजीला विचारा, नातवंडांना सोबत बसवा आणि एक माळ करा. फोटो काढलात तरी हरकत नाही. पण शेवटी ती होळीतच टाका. भिंतीवर टांगलीत तर पुढल्या वर्षी नवी कोण करणार?