टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड वाढलं? रिपोर्टमधला आकडा उलटा का वाचायचा?

लॅबकडून व्हॉट्सॲपवर रिपोर्टची पीडीएफ येते. त्यात तीन नावं असतात: टी३, टी४ आणि टीएसएच. टीएसएचचा आकडा ठळक छापलेला आणि शेजारी वर जाणारा बाण. घरात लगेच चर्चा सुरू होते, "थायरॉइड वाढलंय." डॉक्टर मात्र रिपोर्ट बघून म्हणतात, "थायरॉइड कमी पडतंय." मग खरं काय?

डॉक्टरांचंच खरं. कारण टीएसएच हे थायरॉइड ग्रंथीत तयार होणारं हार्मोन नाहीच. तो मेंदूकडून थायरॉइडला आलेला आदेश आहे. हा फरक लक्षात आला की शरीरातली बरीचशी हार्मोन्स काबूत कशी राहतात, हेही समजतं.

आधी, हार्मोन म्हणजे काय?

एका ठिकाणी तयार होऊन रक्तातून दुसरीकडे पोहोचणारा रासायनिक निरोप म्हणजे हार्मोन. लंडनमधले शास्त्रज्ञ विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये लहान आतड्याकडून स्वादुपिंडाला जाणारा असा एक निरोप शोधला. त्याचं नाव सिक्रेटिन. पुढे १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा पदार्थांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचं मूळ 'चालना देणे' असं आहे.

रक्त तर सगळीकडे फिरतं. मग निरोप योग्य पत्त्यावर कसा पोहोचतो? पेशींवर किंवा पेशींच्या आत रिसेप्टर असतात. ज्या पेशीकडे त्या हार्मोनचा रिसेप्टर आहे, तिलाच तो निरोप कळतो. थायरॉइड हार्मोनचे रिसेप्टर जवळपास सगळ्या शरीरात असतात. म्हणूनच हे हार्मोन कमी पडलं की थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, केस गळणं, पाळी बिघडणं अशा वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी एकत्र येऊ शकतात.

मेंदूची हाक, थायरॉइडची ओ

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून टीआरएच निघतं. ते खालच्या पिट्युटरी ग्रंथीला टीएसएच सोडायला सांगतं. टीएसएच रक्तातून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीपर्यंत पोहोचतं आणि मग ती मुख्यतः टी४ आणि थोडं टी३ तयार करते. शरीरात प्रत्यक्ष काम जास्त करून टी३ करतं. त्यातलं बरंचसं टी३ गरजेनुसार टी४ पासूनच बनवलं जातं.

आता समजा, तुम्ही घरात कुणाला तरी हाक मारली. ओ आली तर तुम्ही थांबता. ओ आली नाही तर आवाज चढवता. इथेही तसंच आहे. टीएसएच ही हाक आणि टी४ ही ओ. रक्तात पुरेसं टी४ दिसलं की पिट्युटरी आवाज कमी करते. टी४ घटलं की टीएसएच वाढवते. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. तणावाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसोलही अशाच साखळीने नियंत्रणात राहतं.

मग रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रौढांमध्ये टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास नॉर्मल धरलं जातं. प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते.

- टीएसएच जास्त, टी४ कमी: ग्रंथी कमी पडतेय, म्हणजे हायपोथायरॉइडिझम.
- टीएसएच कमी, टी४ जास्त: ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय, म्हणजे हायपरथायरॉइडिझम.
- टीएसएच थोडं जास्त, टी४ नॉर्मल: ग्रंथी काम करतेय, पण तिला मोठ्याने हाक मारावी लागतेय. इथे उपचार लगेच हवेत की नाही, हे वय, लक्षणं आणि गरोदरपण पाहून ठरतं.

क्वचित बिघाड पिट्युटरीतच असतो. तेव्हा टी४ कमी असूनही टीएसएच वाढत नाही, कारण हाक मारणाराच गप्प असतो. म्हणून फक्त एका आकड्यावर निष्कर्ष काढू नये.

मिठाचा इथे काय संबंध?

टी४ बनवायला आयोडीन लागतं. एका रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, म्हणून नाव टी४. आहारात आयोडीन नसेल तर टी४ घटतं, टीएसएच वाढत राहतं आणि सततच्या आदेशामुळे ग्रंथीच आकाराने मोठी होते. हाच गलगंड. भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचलं. प्रौढ माणसाला दिवसाला फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. आयोडीन पुरेसं मिळत असतानाही बऱ्याच जणांना हायपोथायरॉइडिझम होतो. त्यामागे बहुतेक वेळा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला असतो. त्यावर जास्त मीठ खाणं हा उपाय नाही.

टीएसएच नॉर्मल आलं, आता गोळी बंद?

इथेच अनेक जण फसतात. गोळीतून टी४ मिळतंय, मेंदूला ओ ऐकू येतेय, म्हणून टीएसएच नॉर्मल आहे. शिवाय रक्तातलं टी४ निम्म्यावर यायला साधारण ७ दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही आणि 'गरजच नव्हती' असं वाटतं. काहींचा त्रास खरंच तात्पुरता असतो, पण ते तपासणी करून डॉक्टरांनीच ठरवायचं. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करतात, त्याचं कारणही हेच. टीएसएच स्थिरावायला वेळ लागतो.

गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या ४ तासांच्या अंतराने घ्याव्यात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी तसं सांगा. काही चाचण्यांमध्ये त्याने आकडे चुकीचे येतात.

गरोदर महिलांनी तर स्वतःहून गोळी थांबवूच नये. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असते आणि या काळात डोस अनेकदा वाढवावा लागतो. नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच तपासतात, तेही याचसाठी. कमतरता जन्मजात असेल आणि उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले, तर बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका बहुतेक वेळा टळतो.

त्यामुळे पुढच्या वेळी टीएसएचसमोर वर जाणारा बाण दिसला, तर आधी टी४ ची ओळ बघा. हाक मोठी झालीय, हे कळलं. ओ येतेय का, ते तिथे कळेल.