सौंसरच्या जुन्या दगडी वास्तू आणि त्यांचा गिलावा

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, कन्हान व जाम या नद्यांच्या मुलखात वसलेल्या सौंसर परिसराने अनेक राजवटी पाहिल्या. देवगडच्या गोंड राजांनंतर येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. 1854 मध्ये तो इंग्रजांनी संपविला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठीभाषक प्रदेश मध्यप्रदेशात राहिला, आणि 2023 मध्ये नव्याने निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात त्याचा समावेश झाला. राजवटी बदलल्या, परंतु घर बांधण्याची रीत मात्र पिढ्यानुपिढ्या टिकून राहिली. त्या रीतीतील सर्वांत उपेक्षित अंग म्हणजे भिंतीचा गिलावा होय.

या प्रदेशावर निसर्गाने दुहेरी कृपा केली आहे. एकीकडे दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, तर दुसरीकडे त्याहून कितीतरी प्राचीन असे संगमरवराचे व मँगनीजयुक्त खडकांचे थर. भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी या प्राचीन खडकसमूहाला सौंसरचेच नाव दिले, आणि जगभरच्या भूशास्त्रीय ग्रंथांत ते रूढ झाले. काळ्या जमिनीतील चुनखडीचे खडेही भट्टीत भाजून चुना करता येतो. भिंतीला दगड, सांध्याला व गिलाव्याला चुना, आणि जेथे चुना परवडत नसे तेथे गावठाणातील पांढरी माती, अशी ही व्यवस्था होती.

जुन्या दगडी भिंतीचा स्वभाव समजून घेतल्यावाचून तिचा गिलावा निवडता येत नाही. अशा भिंतीला बहुधा बाहेरून व आतून दगडाचे दोन थर असतात आणि मधली पोकळी माती व चिपांनी भरलेली असते. पायाखाली ओल अडविणारा थर नसतो. म्हणून जमिनीतील ओल भिंतीत चढते. काळा पाषाण स्वतः फारसे पाणी शोषीत नाही. ओल चढते ती सांध्यांतून आणि पोटातल्या भरावातून. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा सच्छिद्र असल्याने ही ओल त्यातून बाहेर पडते व भिंत कोरडी राहते. भिंत श्वास घेते असे म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच आहे.

चुन्याची प्रक्रियाही मोठी मनोज्ञ आहे. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअस उष्णतेत भाजली म्हणजे तिच्यातील कर्बवायू निघून जातो. कळीचा चुना पाण्यात विरवून मुरवावा, वाळूसह घाणीत मळावा आणि भिंतीवर चढवावा. मग तो हवेतील तोच वायू हळूहळू पुन्हा शोषून घेतो आणि दगड होतो. या क्रियेस वेळ लागतो. म्हणूनच जुने गवंडी व बेलदार घाईला विरोध करीत. गुळाचे पाणी, बेलफळ, हिरडा, ताग ही त्यांची साधने होती. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. काळ्या पाषाणावर तो गिलावा सुमारे दीड हजार वर्षे टिकला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

1824 मध्ये इंग्लंडात जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे स्वामित्व मिळविले. भारतात 1914 मध्ये पोरबंदर येथे, आणि लवकरच मध्यप्रांतातील कटनी येथे सिमेंट तयार होऊ लागले. नव्या बांधकामास ते वरदान ठरले, यात शंका नाही. परंतु जुन्या भिंतीवर त्याचा गिलावा दिला की ओलीचा मार्ग बंद होतो. आत कोंडलेले पाणी वर चढते, त्याबरोबर आलेले क्षार साचतात, आतले रंग व पोपडे सुटू लागतात, सांध्यांतील माती भुसभुशीत होते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आतून खंगत जाते. घरधनी त्यावर पुन्हा सिमेंटच चढवितो, आणि रोग बळावतो.

याच्या उलट टोकाचा मोह म्हणजे सगळा गिलावा खरवडून दगड उघडा करणे. ओबडधोबड दगडाची भिंत उघडी राहण्यासाठी रचलेलीच नसते. तिचे सांधे पावसाच्या माऱ्याने धुऊन जातात. इंग्लंडातील जुन्या चर्चच्या भिंती अशाच खरवडल्या जात असताना विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये संस्था स्थापून त्या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. घडीव दगडाची भिंत मात्र उघडी ठेवण्यासाठीच बांधलेली असते. तिला गिलावा नको, चुन्याची दर्जभरणी पुरे.

तेव्हा निवडीचा क्रम सरळ आहे. प्रथम पागोळ्या, गळके छप्पर व पायाशी साचणारे पाणी यांचा बंदोबस्त करावा. सांधे मातीचे असतील तर मातीचा किंवा मऊ चुन्याचा गिलावा द्यावा. सांधे चुन्याचे असतील तर एक भाग चुना व सुमारे तीन भाग स्वच्छ वाळू घ्यावी. वरून तैलरंग न लावता दुधासारख्या पातळ चुन्याचे तीन-चार हात द्यावेत. गिलावा भिंतीपेक्षा नेहमी मऊ असावा. कारण झिजायचे ते त्याने, भिंतीने नव्हे.

पूर्वजांनी गिलाव्याला भिंतीचे वस्त्र मानले. वस्त्र जीर्ण झाले तर बदलता येते. देह बदलता येत नाही. सौंसर परिसरातील ज्या वास्तू अद्याप उभ्या आहेत, त्यांचे आयुष्य या साध्या विवेकावर अवलंबून आहे.